भाड्याच्या घरातली ओल आणि बुरशी: रंगाचा डबा उघडण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडला जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. पाऊस सुरू झाल्यावर बेडरूममध्ये बाहेरच्या भिंतीला लावलेल्या कपाटामागे काळी-हिरवी बुरशी आली. त्याच खोलीत, बाथरूमच्या भिंतीलगत, छतावर चहा सांडल्यासारखा डाग पडलाय. मुलाचा खोकला थांबत नाही. घरमालकांचं म्हणणं, तुम्ही खिडक्या लावून एसी चालवता आणि कपडे घरात वाळत घालता, त्यामुळे हे झालं; रंग मारून देतो, निम्मा खर्च तुम्ही करा. तुम्हाला विचारायचंय की हे योग्य आहे का, आणि नाही म्हटलं तर डिपॉझिट अडकेल का.

मी इमारत दुरुस्ती आणि वॉटरप्रूफिंगच्या कामातला सिव्हिल इंजिनिअर. मुंबई-ठाण्यातल्या अशा भिंती बघण्यातच बरीच वर्षं गेली. फोटोंवरून माझं मत असं: तुमच्याकडे एक नाही, दोन वेगळे आजार आहेत. छतावरचा डाग तुमच्यामुळे पडूच शकत नाही. कपाटामागच्या बुरशीबाबत मात्र मालकांच्या बोलण्यात थोडं तथ्य असू शकतं. किती, ते घरच्या घरी तपासता येतं. तोवर रंगाला हो म्हणू नका. ओल्या भिंतीवरचा रंग गणपतीपर्यंत फुगतो, दिवाळीपर्यंत पोपडे निघतात, आणि दरम्यान डागाचा सगळा पुरावा रंगाखाली गेलेला असतो.

छतावरचा डाग

आपल्याकडच्या जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खळग्यात नहाणी ट्रॅप (जाळीखालचं, सांडपाणी पाइपात सोडणारं भांडं) आणि पाइप बसवतात, वर विटांचे तुकडे आणि कोबा भरतात, आणि मग लादी. वीस-पंचवीस वर्षांत लाद्यांच्या सांध्यांतलं सिमेंट झिजतं, ट्रॅप आणि पाइपाचा जोड सुटतो. वरच्यांनी केलेल्या प्रत्येक आंघोळीचं थोडं पाणी त्या भरावात मुरतं आणि सावकाश खाली उतरतं. येताना चुना आणि गंज घेऊन येतं, म्हणून डागाला तपकिरी कड असते.

पावसाच्या पाण्याचा डाग आणि बाथरूमच्या पाण्याचा डाग ओळखायचा तो कॅलेंडरवरून. पेन्सिलने डागाची कड आखा, शेजारी तारीख लिहा, फोटो काढा. चार-पाच दिवस पाऊस उघडला तरी डाग वाढत असेल, तर पाणी आभाळातलं नाही. डोंबिवलीच्या एका घरात असाच डाग दर रविवारी दुपारी ओला व्हायचा. पाऊस, वारा, पाइप सगळं तपासून झालं. शेवटी कळलं की वरचे लोक रविवारी सकाळी बाथरूम धुवायचे, नहाणीवर फडकं टाकून, घोटाभर पाणी साठवून. लादीचे सांधे गळत होते, ट्रॅप ठीक होता. सांध्यांत एपॉक्सी भरून काम भागलं, फोडाफोड करावी लागली नाही.

वरच्यांशी बोलणं होत असेल तर हीच चाचणी मुद्दाम करता येते. नहाणीचं तोंड बंद करून एक-दोन इंच पाणी चोवीस तास साठवायचं आणि खाली पेन्सिलची रेघ बघायची. डाग पसरला तर दोष लादीत किंवा कडेच्या सांध्यात. पाणी साठवून काही झालं नाही, पण नहाणी मोकळी करून भरपूर पाणी सोडल्यावर ओल वाढली, तर दोष ट्रॅपमध्ये किंवा त्याखालच्या पाइपात. वरचे आठ-पंधरा दिवस गावाला गेले, त्यांचा कॉक बंद होता, तरीही डाग सुकला नाही, तर लगेच घाईचा निष्कर्ष काढू नका. भरावात साठलेलं पाणी आठवडेच्या आठवडे पाझरत राहतं. याच कारणाने, वर दुरुस्ती झाली तरी खालचा डाग लगेच जात नाही, आणि 'काम फुकट गेलं' म्हणून भांडणं होतात. महिना-दीड महिना सुकू द्यावं लागतं.

एक गोष्ट आजच करा. रुपयाच्या नाण्याने डागाच्या आजूबाजूचं प्लॅस्टर हलकेच वाजवून बघा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ, डबडब वाजलं किंवा सळईच्या रेषेत सरळ भेग दिसली, तर आतलं लोखंड गंजून फुगलंय आणि प्लॅस्टर सुटायला आलंय. मुलाचा पलंग त्याखाली असेल तर आज रात्रीच हलवा. बुरशीपेक्षा ही भीती मोठी आहे, आणि मालकांना लिहिताना पहिल्या ओळीत तीच यायला हवी. डागाजवळ दिव्याचा किंवा पंख्याचा पॉइंट असला तर तो वापरणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा.

कपाटामागची बुरशी

बुरशीचे बीजाणू हवेत असतातच, ते घराबाहेर ठेवता येत नाहीत. त्यांना वाढायला खाणं आणि पाणी लागतं. खाणं म्हणजे भिंतीवरची धूळ, पुट्टी, डिस्टेंपर, प्लायवुड, पुस्तकांची खळ. हे सगळं घरात आहेच. म्हणजे आपल्या हातात राहतं ते फक्त पाणी. भिंतीच्या अगदी लगतच्या हवेची आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. भिंत हाताला ओली लागलीच पाहिजे असं नाही.

तुमच्या भिंतीत पाणी दोन वाटांनी येऊ शकतं. एक, बाहेरून पाऊस. दोन, आतल्या हवेतली वाफ गार भिंतीवर बसणं.

पहिल्याचा विचार करू. आपल्याकडे पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींना सडाका बसतो. तुमची भिंत त्या दिशेची असेल तर बाहेरून नीट बघा. खाली कंपाउंडमध्ये उभं राहून मोबाइलचा कॅमेरा झूम करा. बीम आणि भिंत जिथे भेटतात तिथे आडवी भेग असते. खिडकीखालच्या मार्बलला बाहेरच्या बाजूला उतार नसतो. एसीच्या पाइपासाठी पाडलेलं भोक कुणी बुजवलेलं नसतं. छज्जावर पाणी साठून शेवाळ आलेलं असतं. आणि ड्रेनेज पाइपाच्या जोडातून पिंपळाचं रोप डोकावत असतं. मुंबईतल्या जुन्या इमारतीत पिंपळ नसेल तर मला चुकल्यासारखं होतं. त्याची मुळं पाइपाचा जोड आणि भिंत दोन्ही उघडतात. नुसतं वरून छाटलं की पुढच्या पावसाळ्यात दुप्पट जोमाने येतो.

पावसाची ओल जोरदार सरीनंतर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी गडद होते, बहुधा भेगेच्या किंवा खिडकीच्या रेषेत असते, प्लॅस्टर फुगतं, आणि सुकल्यावर पांढरी पूड उरते. ही पूड म्हणजे लोणा, सिमेंट-विटेतले क्षार. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की ती विरघळते. बुरशी विरघळत नाही, बोटाला काळी फासली जाते. अनेकजण या पुडीला पांढरी बुरशी समजून औषधं मारत बसतात.

आता दुसरी वाट, आणि इथे मालकांचा मुद्दा येतो. खोलीची हवा २८ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, जी जुलैत आपल्याकडे अगदी रोजची गोष्ट आहे, तर जी वस्तू साधारण २४ अंशांपेक्षा गार असेल तिच्यावर दव धरतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम फुटतो तोच प्रकार. आता तुम्ही रात्रभर एसी २० वर ठेवलात, तर भिंती, कपाट, गादी सगळं २२-२३ अंशांवर येतं. सकाळी एसी बंद करून खिडक्या सताड उघडल्या की बाहेरची दमट हवा थेट त्या गार भिंतींवर येते. कपाटामागे वारा नाही, तिथलं बसलेलं दव दुपारपर्यंत सुकत नाही. रोज असं झालं की पंधरा दिवसांत बुरशी.

म्हणून 'खिडक्या उघड्या ठेवा' हा सल्ला आपल्या पावसाळ्यात अर्धाच बरोबर आहे. परदेशातल्या थंड देशांत बाहेरची हवा गार आणि कोरडी असते, ती आत घेतली की घर सुकतं. तिथल्या मार्गदर्शिका म्हणूनच खिडकी उघडा म्हणतात. जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हिवाळ्यात तो सल्ला तंतोतंत लागू आहे, आणि आपली घरगुती सवय तिथे अंगलट येते: खिडक्या गच्च बंद, आत तासभर डाळ शिजतेय, रेडिएटरवर कपडे. जुलैच्या मुंबईत मात्र बाहेरची हवा आतल्यापेक्षा जास्त पाणी घेऊन येते. उघडीप असेल, ऊन पडलं असेल, तेव्हा दुपारी खिडक्या उघडा आणि पंखा लावा. झड लागलेली असताना बंद ठेवा. बाथरूम आणि स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट मात्र बारा महिने, आंघोळीनंतर निदान अर्धा तास चालू द्या.

कपड्यांबद्दल मालक खरं बोलतायत. मशीनमधून पिळून निघालेल्या एका भरलेल्या घाण्यात दोन-अडीच लिटर पाणी शिल्लक असतं, आणि ते सगळं खोलीच्या हवेत जातं. पावसाळ्यात कपडे घरातच वाळणार, त्याला इलाज नाही. पण बेडरूममध्ये वाळवू नका. एका खोलीत दार लावून, पंखा आणि एक्झॉस्ट लावून वाळवा.

पाऊस की दव, हे ठरवायला स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल पुरते. कपाट पुढे ओढा, भिंत कोरड्या फडक्याने टिपा, हातभर लांब-रुंद फॉइल चारही बाजूंनी चिकटपट्टीने गच्च लावा. दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर हवेतलं दव. काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्ही बाजू ओल्या निघणंही शक्य आहे, कारण भिंत पावसाने भिजली की गार राहते आणि तिच्यावर दवही जास्त धरतं. ही चाचणी एकदा झडीच्या दिवसांत आणि एकदा उघडिपीत करा, आणि दोन्ही वेळा तारखेसह फोटो ठेवा. सोबत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळासारखं यंत्र घ्या, काहीशे रुपयांत मिळतं. घरात ६० टक्क्यांच्या खाली राहता आलं तर उत्तम. पावसाळ्यात एसी किंवा डीह्युमिडिफायरशिवाय (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) ते जमत नाही. एसीचा 'ड्राय' मोड याच कामाचा आहे. तापमान २५-२६ वर ठेवा, म्हणजे हवा कोरडी होईल आणि भिंत फार गारही पडणार नाही.

तुम्ही तळमजल्यावर असतात तर तिसरी शक्यता सांगितली असती, जमिनीतून चढणाऱ्या ओलीची. ती भिंतीच्या पायापासून साधारण तीन फुटांपर्यंत पट्ट्यासारखी चढते. शेवटच्या मजल्यावर असतात तर गच्चीचा कोबा. तिसऱ्या मजल्यावर या दोन्हींचा विचार करायला नको.

मुलाचा खोकला आणि भिंत साफ करणं

२०२१ मध्ये कोविडच्या लाटेत 'काळी बुरशी' म्हणून म्युकरमायकोसिसच्या बातम्या आल्या, तेव्हापासून भिंतीवर काळं दिसलं की लोक हादरतात. भिंतीवरची काळी बुरशी आणि तो आजार एक नव्हेत. भिंतीच्या रंगावरून बुरशीची जात ओळखता येत नाही, आणि तपासणीवर पैसे घालवायची सहसा गरजही नसते. कुठलीही असो, करायचं तेच असतं. पण म्हणून दुर्लक्षही करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ओलसर घरात श्वसनाच्या तक्रारी आणि दमा वाढतो, हे त्यात स्पष्ट म्हटलंय. मुलाला डॉक्टरकडे न्याल तेव्हा घरात ओल आहे हे आपणहून सांगा, आणि ते केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. मुलाला तूर्त हॉलमध्ये झोपवा. घरात दम्याचा, केमोथेरपीचा किंवा प्रत्यारोपण झालेला रुग्ण असेल तर त्याने त्या खोलीत जाऊ नये आणि सफाईला तर अजिबात हात लावू नये.

सफाई अशी करा. मूल आणि म्हातारी माणसं बाहेर. पंखा बंद, दार बंद, खिडकी उघडी. एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा. कोरड्या ब्रशने किंवा झाडूने कधीही झाडायचं नाही, बीजाणू घरभर उडतात. कपडे धुण्याची पावडर कोमट पाण्यात घालून, फडकं ओलं करून, पिळून, वरून खाली पुसत आणायचं. फडकी परत वापरू नका, पिशवीत बांधून टाका. मग पंख्याने भिंत पूर्ण सुकवा. बाथरूमच्या टाइल्सवर पातळ केलेलं ब्लीच चालतं, पण डिस्टेंपर किंवा प्लॅस्टरवर ते वरवरचा काळेपणा घालवतं आणि आतली मुळं राहतात. आणि ब्लीच कधीही टॉयलेट क्लीनरमध्ये किंवा अॅसिडमध्ये मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

बुरशी दारापेक्षा मोठ्या पसाऱ्यात पसरली असेल किंवा प्लॅस्टरच भुसभुशीत झालं असेल, तर पुसण्यात अर्थ नाही. प्लॅस्टर काढावं लागेल आणि ते काम मालकांचं आहे.

कपाटाची मागची प्लाय काळी पडून फुगली असेल तर ती गेली. सनमायका असलेला भाग पुसून उन्हात ठेवला की वाचतो. कापसाच्या गादीत एकदा कुबट वास शिरला की तो जात नाही. पैठण्या आणि सिल्कच्या साड्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून सुती कापडात गुंडाळा. बंद प्लॅस्टिकमध्ये ओल आत अडकते. कपाट भिंतीपासून चार बोटं तरी पुढे ठेवा, आणि शक्य असेल तर बाहेरच्या भिंतीला लावूच नका. काहीही साफ करण्याआधी फोटो आणि व्हिडिओ घ्या, हे वेगळं सांगायला नको.

खर्च कुणाचा

याचं उत्तर पाणी कुठून येतं यावर आहे, म्हणून एवढं लांबण लावलं. बाहेरची भिंत, गच्ची, सामाईक पाइप आणि ड्रेनेज यांच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची, असं सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत (सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांत) आहे. वरच्या घरातल्या बाथरूमची आतली गळती त्या सदस्याने दुरुस्त करायची. तुमच्या घरातल्या पाइपांची आणि प्लॅस्टरची दुरुस्ती तुमच्या मालकाने. आणि एसी, कपडे, बंद एक्झॉस्ट यांमुळे धरलेली बुरशी पुसणं तुमच्याकडे. तुमच्या प्रकरणात छत वरच्यांकडे जातं, भिंत फॉइल काय सांगते त्याप्रमाणे सोसायटीकडे किंवा तुमच्याकडे. मालकांनी निम्मा खर्च मागायला आधार नाही.

पण सोसायटीच्या लेखी तुम्ही सदस्य नाही. तुमच्या अर्जाला सेक्रेटरी उत्तर देणार नाहीत, देतील तर मेहरबानी. तक्रार मालकांच्या नावाने जायला हवी, आणि ती त्यांनी करावी हीच तुमची लेखी मागणी असली पाहिजे. वरचे ऐकत नसतील तर मालकाला सोसायटी, मग उपनिबंधक (सहकारी संस्थांवर देखरेख करणारे सरकारी अधिकारी) आणि सहकार न्यायालय असे मार्ग आहेत. मुंबईत महापालिकेच्या विभाग कार्यालयातही गळतीची तक्रार देता येते. हे सगळं वेळखाऊ आहे, पण सोसायटीच्या लेटरहेडवर एक पत्र गेलं की वरचे बहुधा प्लंबरला बोलावतात.

कायद्याचं थोडं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं घरमालकाचं कर्तव्य आहे. करारात वेगळं ठरलं नसेल आणि किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही मालकाने काही केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. व्हॉट्सॅपवर हे कलम खूप फिरतं. अडचण अशी की लिव्ह अँड लायसन्समध्ये तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असता, आणि त्या कलमावर तुम्हाला थेट विसंबता येत नाही. तुमचा मुख्य आधार तुमचा करार. त्यात दुरुस्तीचं कलम शोधा. बहुतेक छापील मसुद्यांत छोट्या दुरुस्त्या राहणाऱ्याकडे आणि स्ट्रक्चरल दुरुस्त्या मालकाकडे असतात, आणि गळती छोट्या दुरुस्तीत बसत नाही. शिवाय परवान्याचा कायदा, म्हणजे १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा, कलम ५७ मध्ये सांगतो की जागेत धोकादायक दोष असेल, मालकाला तो माहीत असेल आणि तुम्हाला नसेल, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. आधीच्या राहणाऱ्यालाही हाच त्रास झाला होता का, हे वॉचमनला किंवा समोरच्या काकूंना विचारा.

करार नोंदणीकृत आहे ना, हेही बघा. तो लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने मालकावर टाकली आहे, आणि नसेल तर अटींबद्दल तुमचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. या एका मुद्द्यावर सूर बदललेले मालक मी पाहिलेत.

भाडं मात्र थांबवू नका. मनस्तापात पहिला विचार तोच येतो, पण थकबाकी झाली की ओलीचा विषय मागे पडतो आणि तुम्ही थकबाकीदार ठरता. वळतं करायचं तर आधी मालकाची मेसेजवर का होईना, लेखी संमती घ्या.

काय लिहायचं

फोनवर कितीही बोलणं झालं तरी एक ईमेल पाठवा, आणि तोच मजकूर व्हॉट्सॅपवर. धमकी नको, कलमांची यादी नको. असं काहीसं:

"नमस्कार. आपल्या फ्लॅटच्या बेडरूममध्ये बाथरूमलगत छतावर ओल असून तिथलं प्लॅस्टर पोकळ वाजतं, ते पडण्याची भीती आहे. पाऊस नसलेल्या दिवसांतही डाग वाढला, त्याचे तारखेसह फोटो सोबत आहेत. बाहेरच्या भिंतीच्या फॉइल चाचणीचे फोटोही जोडले आहेत. कृपया आठ दिवसांत प्लंबर किंवा इंजिनिअर पाठवून पाहणी करावी आणि सोसायटीकडे आपल्या नावाने तक्रार द्यावी. पाहणीसाठी मी शनिवार-रविवार घरी आहे. कारण कळेपर्यंत रंगकाम करू नये अशी विनंती. एसी, कपडे आणि एक्झॉस्टबाबत आपली सूचना आम्ही पाळत आहोत."

प्लॅस्टर पोकळ वाजत नसेल तर ते वाक्य काढा; जे नाही ते लिहू नका. शेवटचं वाक्य मात्र ठेवा. तुमचा वाटा तुम्ही उचलला, हे नोंदलं जातं आणि मालकांचा आवडता मुद्दा संपतो.

आता दुरुस्ती म्हणून काय स्वीकारायचं. बाहेरच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग भर पावसात होत नाही. ओल्या पृष्ठभागावर कोटिंग धरत नाही, आणि जुलैत 'दहा वर्षांची गॅरंटी' देणारा कॉन्ट्रॅक्टर सप्टेंबरमध्ये फोन उचलत नाही. हे काम नोव्हेंबर ते मे या काळातलं. पावसाळ्यात तात्पुरतं करता येतं ते म्हणजे एसीचं भोक आणि खिडकीच्या कडा सीलंटने बुजवणं, छज्जावरचं पाणी मोकळं करणं, भेगेवर बाहेरून ताडपत्री, पिंपळ काढणं. वरच्या बाथरूमचं काम मात्र कधीही होतं, त्याला पावसाचं निमित्त चालत नाही. छताचं पोकळ प्लॅस्टर पाडून घ्या, उघड्या सळ्यांना गंजरोधक लावून ठेवू द्या, नवं प्लॅस्टर आणि रंग डाग पूर्ण सुकल्यावर. महिने दोन महिने छत कुरूप दिसेल, दिसू द्या.

मालक म्हणतील पावसाळ्यानंतर बघू. भिंतीपुरतं ते मान्य करा, पण महिना लिहून घ्या, आणि तोवर भाड्यात काही सूट किंवा डीह्युमिडिफायरचा खर्च मागा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही. मागितल्यावर थोडं कमी करणारे मालक बरेच भेटतात, कारण ऑगस्टमध्ये ओल आलेलं घर नव्याने भाड्याने देणं त्यांनाही अवघड असतं.

करार संपेपर्यंत काहीच हललं नाही आणि सोडायचं ठरवलं, तर आधी लॉक-इनचं कलम (ठरलेल्या मुदतीआधी घर सोडता न येण्याची अट) आणि नोटीसचा कालावधी वाचा. नोटीसमध्ये कारण म्हणून ओल आणि छत लिहा. चावी देण्याच्या दिवशी मालक किंवा एजंटसोबत घर फिरून व्हिडिओ करा, ओलीच्या जागा बोलून दाखवा, आणि एका कागदावर 'बेडरूमचं छत आणि बाहेरची भिंत यांची ओल आधीपासून कळवलेली आहे' एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या. सही द्यायला नकार दिला तर त्याच संध्याकाळी तोच मजकूर व्हिडिओसह ईमेल करा. ओलीच्या रंगकामापोटी डिपॉझिट कापायला मग त्यांच्याकडे फारसं काही उरत नाही. डिपॉझिट हातात आल्यावरच चावी, असं जमलं तर सर्वांत सोपं.

नवं घर बघाल ते बहुधा मार्च-एप्रिलमध्ये, सगळं कोरडं असताना. तेव्हा एकाच भिंतीला किंवा छताच्या एकाच चौकोनाला ताजा रंग आहे का बघा. कपाट उघडून आत नाक घाला, कुबट वास उन्हाळ्यातही जात नाही. माळ्यावर टॉर्च मारा, तिथे रंगारी सहसा पोचत नाही. बाथरूमच्या मागच्या भिंतीवर हात फिरवून पोपडे लागतात का पाहा. आणि एजंट फोनवर बोलत असेल तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्यांची बेल वाजवून विचारा, वरून पाणी येतं का हो तुमच्याकडे? त्यांच्याकडे येत असेल तर करारानंतर त्या भांडणात तुम्हीही ओढले जाल.